न पाहिलेलं गोदाम

तुम्हाला सांगतोय खरं, पण हे शब्द अजून माझ्याच कानावर पडलेले नाहीत. बायकोला माहीत नाही. दादाला नाही. आणि ज्यांना सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, त्या शोभावहिनींना तर नाहीच. चार वर्षं झाली. मध्ये कितीदा वाटलं, आता बोलू — आणि मग चहा आला, कुणाचा फोन आला, विषय निघून गेला. विषय निघून गेला की मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं हाही त्यातलाच एक भाग आहे, असं आता वाटतं. की नाही? मला नीट कळत नाही. सांगताना कदाचित कळेल.

आधी माझं काम सांगतो, कारण त्याशिवाय ही गोष्ट नुसती आळशीपणाची वाटेल. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आम्हाला छोटे भाग पुरवणारी जी वर्कशॉप आहेत — बरीचशी भोसरीत — तिथं जाऊन बघणं हे माझं काम. मशीन कुठलं, माल ठेवतात कुठं, तपासणारा माणूस खरंच तपासतो की नुसत्या रेघा मारतो. मला नुसतं दारातून आत शिरलं तरी कळतं. ही बढाई नाही. पंधरा वर्षं हेच केलंय. आमच्याकडे नवीन लागलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, की डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही.

आता वहिनी. मी धाराशिवकडून आयटीआय करायला आलो तेव्हा दादा भोसरीत एका खोलीत राहत होता, नवीन लग्न झालेलं. त्या एका खोलीत मी तिसरा. वहिनींनी कधी कपाळाला आठी पाडली नाही. सकाळची शिफ्ट असली की पहाटे उठून डबा, दुपारची असली की जेवूनच जा म्हणायच्या. सात वर्षं मी त्यांच्या हातचं खाल्लं. माझं लग्न त्यांनीच जमवलं. पुढे मी पुनावळ्यात फ्लॅट घेतला तेव्हा कलश घेऊन पहिलं पाऊल त्यांनीच टाकलं. हे कशाला सांगतोय? त्यांचं माझ्यावर काही ओझं होतं म्हणून नाही. उलट त्यांनी कधी काही मागितलंच नव्हतं. पहिल्यांदा मागितलं ते हेच.

वहिनींचा हात शिवणात चांगला. आजूबाजूला कुणाकडे बाळ झालं की त्या बाळंतविडा शिवून द्यायच्या — झबलं, टोपडं, दुपटं, कुंची, मऊ सुती कापडाची. लोकांना आवडायचं. मग त्यांच्या मुलीने, माझ्या पुतणीने, फोटो काढून इंटरनेटवर टाकले, मागण्या यायला लागल्या, आणि एक दिवस रीतसर वेबसाइटच झाली. पण एकट्या बाईचे हात ते किती? खांदा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, मशीनवर बसणं कमी करा. गिऱ्हाइकं मात्र विचारायची, खेळणी नाहीत का, गादी नाही का, मच्छरदाणी नाही का?

तेव्हा पुतणीने ड्रॉपशिपिंगचं काढलं. म्हणजे गिऱ्हाईक वहिनींच्या वेबसाइटवर वस्तू मागवणार, ती मागणी एखाद्या घाऊक पुरवठादाराकडे जाणार, आणि तो आपल्या गोदामातून परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी पार्सल पाठवणार. नाव वहिनींचं, माल त्याचा. वहिनींना हे पटेना. "म्हणजे मी ती वस्तू हातात घ्यायचीच न्हाई?" असं त्यांनी तीनदा विचारलं. मग म्हणाल्या, "काय की बाई. भावजींना विचारू. त्यांचं कामच हाय ते."

असे पुरवठादार शोधायला याद्या असतात. पैसे भरून घ्यायच्या. नाव, पत्ता, कुठला माल, कमीत कमी किती घ्यायचा, परत घेतात का. कुठली यादी घ्यायची ते मी ठरवायचं होतं. मला आवडलं ते. खरं सांगतो, फार आवडलं. घरात माझ्या कामाचं कौतुक कधी कुणाला नव्हतं. दादा म्हणायचा, तू लोकांच्या चुका काढायचा पगार घेतोस. आता त्या चुका काढण्याची घराला गरज पडली होती.

तीन याद्या समोर होत्या. पहिली मोठी, देशभरातली, हजारो नावं. त्यातल्या अकरा जणांना मी फोन लावले. निम्म्याहून जास्त स्वतः काही बनवत नव्हते, दुसऱ्याकडून घेऊन विकत होते, आणि तो दुसरा कोण ते सांगत नव्हते. दुसरी यादी कुणी एक सर त्यांच्या ऑनलाइन क्लासबरोबर विकत होते. नमुन्याची पानं बघितली तर त्यात दोन दुकानांचे पत्ते एकच होते. तिसरी यादी लहान होती. फक्त पुणे आणि आसपासची. प्रत्येक नावापुढे पूर्ण पत्ता, आणि काही नावांपुढे हिरवी खूण — 'तपासलेला'.

मी त्या यादीवाल्यांच्या ऑफिसला फोन केला. विचारलं, तपासलेला म्हणजे तुम्ही काय तपासता? फोनवरची मुलगी सरळ होती. म्हणाली, "सर, कागदपत्रं तपासतो. नोंदणी, पत्ता, फोन नंबर. मालाचं आम्ही बघत नाही."

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. त्या हिरव्या खुणेचा मालाशी काही संबंध नाही हे मला अगदी पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

तरी मी तीच यादी निवडली, आणि निवडण्याचं कारण चांगलं होतं. वहिनींच्या स्वयंपाकघरात बसून मी त्यांना समजावलं. कागदावरच्या खुणेवर जायचं नाही. ही यादी घ्यायची कारण यातली माणसं जवळची आहेत. जाऊन बघता येतं. वहिनींचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तुम्ही बघून आलात की मला काही चिंता न्हाई," म्हणाल्या.

त्यातून लहान मुलांची कापडी खेळणी देणारा एक पुरवठादार आम्ही काढला. चाकणच्या पुढे, शिक्रापूर रस्त्याला त्याचं गोदाम. नमुना मागवला. कापडी खुळखुळा, माशाच्या आकाराचा, शेपटीला तीन लाकडी मणी. शिवण चांगली होती. मी मणी ओढून बघितले, निघाले नाहीत. पण नमुना चांगलाच असतो. नमुना वाईट पाठवणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. म्हणून ठरलं, गुरुवारी मला सुट्टी असते, गुरुवारी मी जाऊन येतो. गोदाम त्या दिवशी चालू असतं हेही विचारून ठेवलं होतं.

आता तो गुरुवार.

सकाळी दहाला मोटारसायकल काढली. देहूवरून तळवडे, इंद्रायणीचा पूल ओलांडला, म्हाळुंग्याकडे लागलो. रोजचाच रस्ता. पूल ओलांडल्यावर थोडं पुढे एक रसवंती आहे. तिथं थांबलो. तहान लागली होती का? लागली असेल. एक ग्लास घेतला. बाकड्यावर बसलो. समोरून कंटेनर चालले होते. अजून एक ग्लास घेतला. रसवाल्याने विचारलं, "कंपनी बंद आज?" मी म्हणालो, सुट्टी आहे. तो म्हणाला, "मग आज इकडं कशाला आलात राव?"

मी हसलो. आणि उठलो नाही.

हे मी तुम्हाला कसं समजावू? मलाच कळलेलं नाही. थकलो होतो म्हणावं, तर नव्हतो. ऊन होतं, पण ऊन काय नवीन आहे का? कधीकधी वाटतं, त्या दिवशी मला कुणाच्या दारात जाऊन संशयाने बघायचा कंटाळा आला होता. मी कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिरलो की माणसं बोलायची थांबतात, उगाच झाडू मारायला लागतात. सुट्टीच्या दिवशीही तेच चेहरे कशाला? पण हे कारण मी नंतर शोधलंय. तेव्हा असं काही डोक्यात नव्हतं. कधी वाटतं, भीती होती — तिथं काही वाईट दिसलं असतं तर यादी पुन्हा उघडायची, पुन्हा फोन, पुन्हा सगळं पहिल्यापासून. पण तेवढं काम काय मला जड होतं? नव्हतं. मग काय होतं? माझ्या कंपनीच्या गेटवरून ते गोदाम दहा मिनिटांवर. मी दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावरही जाऊ शकलो असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तेच मनाशी म्हणालो असेन, की उद्या जाऊ. आणि दीड-दोन तासांनी गाडी वळवली.

घरी जायला हवं होतं. गेलो भोसरीला, वहिनींकडे. तेही का, ठाऊक नाही.

वहिनींनी दार उघडलं, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि विचारलं, "आलात बघून?"

मी पाणी पीत होतो. पिऊन झाल्यावर म्हणालो, "आलो."

एवढंच म्हणून थांबता आलं असतं. पण वहिनी समोर बसल्या, तळहातावर हनुवटी टेकवून, लहान मुलगी गोष्ट ऐकायला बसते तशा. "स्वच्छ हाय का?" मी म्हणालो, स्वच्छ आहे, फरशी बसवलेली आहे. "बाया हायत का कामाला?" मी म्हणालो, पाच-सहा आहेत. आणि मग मला कुणी न विचारता मी सांगितलं, की शेवटी एक टेबल आहे, खिडकीपाशी, तिथं एक बाई बसते, आणि प्रत्येक खुळखुळ्याचा प्रत्येक मणी ओढून बघते. नुसता हाताने नाही, स्प्रिंगचा काटा लावून. काटा इतक्यावर जाईपर्यंत मणी टिकला तरच पुढे.

अशी तपासणी असते. चांगल्या ठिकाणी असते. मी ती दहा ठिकाणी बघितलीय. तिथली उचलून मी ती त्या न पाहिलेल्या गोदामात नेऊन ठेवली. खोटं बोलायला मला माझं सगळं शिक्षण उपयोगी पडलं.

वहिनींना ती बाई फार आवडली. "दिवसभर तेच करती?" म्हणाल्या. "मान दुखत असंल बिचारीची. नाव काय तिचं?"

मी म्हणालो, विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी गेलो नाही. पुढच्याही नाही. महिना गेल्यावर तर जाण्यात काही अर्थच उरला नव्हता — कारण मी तर जाऊन आलो होतो, नाही का? विक्री चांगली चालली होती. वहिनींनी पुरवठादाराच्या मागे लागून माशाचे मणी मोठे आणि रंगीत करून घेतले होते. तक्रार नव्हती. वहिनींनी पुतणीला सांगून वेबसाइटवर पहिल्याच पानावर एक ओळ टाकून घेतली. 'इथली प्रत्येक वस्तू आमच्या घरच्या माणसाने स्वतः पाहिलेल्या ठिकाणाहून येते.' मला फोनवर दाखवली. मी वाचली आणि म्हणालो, छान आहे. त्यात 'प्रत्येक' शब्द नको, एवढंही म्हणालो नाही.

पुढचं झालं ते सहा महिन्यांनी. आमच्या सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवून एका दुपारी आम्ही भोसरीला जेवायला जमलो होतो. जेवणं झाली होती. दादा आतल्या खोलीत आडवा झालेला, माझी बायको पुतणीबरोबर बाजारात गेलेली. वहिनी आणि मी बाहेरच्या खोलीत. फोन वाजला. वहिनींचे हात भांड्यांनी ओले होते म्हणून त्यांनी तो स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला.

पलीकडे एक म्हातारी बाई होती. गावाकडची, बोलण्यावरून कळत होतं. ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाळंतविडावाल्या तुमीच ना? तुमच्याकडून मासा घेतला व्हता, खुळखुळा. त्याचा मणी निघाला. माझ्या नातवाच्या घशात गेला."

वहिनींनी ओले हात पदराला पुसले.

नातू आठ महिन्यांचा होता. काळानिळा पडला होता. आईने पालथा धरून पाठीत थापा मारल्या, शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, दुर्बिणीतून मणी काढला. तीन दिवस ठेवून घेतलं होतं, आदल्या दिवशी घरी सोडलेलं. हे सगळं त्या आजींनी हळूहळू सांगितलं, मध्ये मध्ये श्वास घेत. मग म्हणाल्या, "माझ्या सुनंनं मला वाचून दाखिवलं व्हतं तुमचं. घरच्या माणसानं सोता पाहिलेलं, आसं. म्हून घेतलं आमी. न्हाई तर बाजारात काय खुळखुळं मिळत न्हाईत व्हय? आता मला येवढंच सांगा, कुनी पाहिलं व्हतं? त्या मानसाला द्या फोन."

मी फोनपासून दोन हातांवर बसलो होतो. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. किती वेळ, सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात माणूस उठून उभा राहू शकतो. तोंड उघडू शकतो.

वहिनी म्हणाल्या, "मीच पाहिलं होतं, मावशी. माझीच चूक हाय."

कळलं का तुम्हाला काय झालं ते? वहिनींना वाटलं, भावजींनी प्रामाणिकपणे बघितलं, त्यातून एखादी वस्तू निसटली, माणूस आहे, होतं. आणि क्वालिटीतला माणूस — त्याच्या नावाला बट्टा लागला, कंपनीत कुणाच्या कानावर गेलं तर? म्हणून त्या मध्ये पडल्या. जी चूक मी केलीच नव्हती त्या चुकीपासून त्यांनी मला वाचवलं. आणि जी केली होती तिच्यावर त्यांचा पदर पडला, आणि मी त्या पदराखाली गप्प बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची शिफ्ट होती. सकाळी लवकर निघालो आणि थेट शिक्रापूर रस्त्याला गेलो. यादीतला पत्ता बरोबर होता. रस्त्याला लागून पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग, त्यातला चौथा. शटर अर्धं वर. मी वाकून आत गेलो.

आत पोती होती. प्लास्टिकची, तोंड शिवलेली, बाहेरून कुठूनतरी आलेली. एक माणूस मोबाइलवर मागण्या वाचत होता आणि एक बाई पोत्यातून वस्तू काढून पाकिटात घालत होती. शिवणयंत्र नव्हतं. टेबल नव्हतं. खिडकीही नव्हती. मी काही न बोलता एक मासा उचलला, शेपटीचा मणी दोन बोटांत धरला आणि ओढला. जोर लावावा लागला नाही. मणी हातात आला.

त्या बाईने बघितलं. म्हणाली, "असू द्या साहेब, दुसरा घ्या. त्यात निघत्यात थोडे."

दारातून आत शिरून मणी हातात येईपर्यंत पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. पाच मिनिटांचं काम होतं ते. मी त्या माणसाला बोललो, खूप बोललो, यादीवाल्यांना फोन करून त्याचं नाव काढायला लावलं, आतला उरलेला माल उचलून बाहेर टाकायला लावला. ज्यांच्याकडे तो मासा गेला होता त्या सगळ्यांना पुतणीकडून निरोप पाठवले, की टाकून द्या, पैसे परत घ्या. हे सगळं मी केलं. फार तडफेने केलं. कुणी बघणाऱ्याने बघितलं असतं तर म्हणाला असता, काय जबाबदार माणूस आहे. वहिनीही तसंच म्हणाल्या; त्यांना मी फक्त माल बंद केला एवढंच सांगितलं होतं, आत काय दिसलं ते नाही.

दादा आणि वहिनी त्या बाळाला बघायला गेले. मला विचारलं, येता का? मी शिफ्टचं कारण सांगितलं. शिफ्ट होती, पण बदलून मिळाली असती. परत आल्यावर वहिनींनी चपला काढल्या. मग म्हणाल्या, "आत घेतलं न्हाई त्यांनी. बरोबरच हाय. आजी दारातच बोलल्या. पण सुनेच्या कडेवर बाळ दिसलं. हसलं माझ्याकडं बघून."

आणि त्यानंतर त्या जे म्हणाल्या ते मला अजून कुठेही ऐकू येतं. गाडी चालवताना, कंपनीत, दाढी करताना. म्हणाल्या, "त्यांचं गोदाम तर चांगलं होतं, भावजी. तुम्ही बघून आलात. मग मीच मागं लागून त्यांना मणी मोठे आणि रंगीत घालायला लावले ना, त्यानंच झालं आसंल. त्यांची काय चूक? आणि ती मणी ओढणारी बाई, ती त्या दिवशी रजेवर आसंल. तिचंबी लेकरू आजारी आसंल एखाद्या वेळेस."

जी बाई नव्हतीच, तिची बाजू त्या घेत होत्या. तिला रजा देत होत्या. स्वतःला मात्र देत नव्हत्या.

तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर त्यांच्या डोक्यावरचं उतरून जिथलं तिथं आलं असतं. मला हे तेव्हाही कळत होतं. आत कुठंतरी शब्द जुळतसुद्धा होते — वहिनी, मी गेलोच नव्हतो. चार शब्द. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

वेबसाइट बंद केली. त्याचं मला इतकं नाही. पण वहिनींनी शिवणही सोडलं. मशीन झाकून ठेवलं, मग एके दिवशी गावाकडच्या एका नातेवाइकाला देऊन टाकलं. गेल्या वर्षी पुतणीला दिवस गेले. सगळ्यांनी धरलं, आजीच्या हातचं टोपडं तरी हवंच. वहिनी म्हणाल्या, "विकत आणू. लहान लेकराचं माझ्या हातून नगं." पुतणी रडली. मी तिथंच होतो. टोपडं मी पिंपरीच्या बाजारातून आणलं.

तुम्हाला वाटेल, संपलं. इथपर्यंतचं मी मनातल्या मनात पुष्कळदा घोळवलं होतं, त्यामुळं सांगता आलं. मला जे सांगायला बसवलं ते याच्या पुढचं आहे, आणि ते परवाचं आहे.

दादाच्या बिल्डिंगमध्ये निशा म्हणून एक मुलगी राहते. नवरा शिफ्टला, ती घरी. तिला रांगोळीचे छाप आणि पूजेचं सामान ऑनलाइन विकायचंय. ती वहिनींकडे विचारायला आली, काकू, तुम्ही पूर्वी करत होता ना, पुरवठादारांची यादी कुठली घेऊ? मी गुरुवारचा म्हणून जेवायला गेलो होतो. ताट वाढायचं बाकी होतं. वहिनी म्हणाल्या, "मला इचारू नको बाई, माझ्या हातून एकदा चूक झालीय. ह्यांना इचार. हे नुसती यादी बघून सांगत न्हाईत, जागेवर जाऊन बघतात."

निशाने वही उघडली. मी तिला सगळं नीट सांगितलं. मोठ्या यादीला भुलू नको. दोन नावांचे पत्ते एकच आहेत का बघ. 'तपासलेला' असं लिहिलं असेल तर काय तपासलं ते फोन करून विचार. चांगला सल्ला दिला. ती भराभर लिहून घेत होती.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. आवाजात संशय नव्हता. चार वर्षांत कधीच नव्हता. काहीतरी आठवल्यासारखं, हळू, जणू निशासमोर विचारू की नको असं वाटत असताना त्यांनी विचारलं, "भावजी, एक इचारू का? त्या शिक्रापूर रस्त्याच्या गोदामात… तुम्ही आत जाऊन बघितलं होतं ना? का बाहेरूनच आलात? बाहेरून आला असाल तरी काय बिघडत न्हाई आता. मला आपलं उगं राहून राहून वाटतंय."

दार त्यांनी उघडून धरलं होतं. उंबरा पण नव्हता मध्ये. काय बिघडत नाही, असंही म्हणाल्या होत्या. मी काय गमावणार होतो? नोकरी? कुणी फिर्याद करणार होतं? बाळ आता बालवाडीत जात असेल. माझ्याकडे न सांगण्याचं एकही कारण नव्हतं. रसवंतीपाशी निदान कारण नसल्याचं आश्चर्य तरी वाटलं होतं. आता तेही वाटलं नाही.

"हो," मी म्हणालो. "आत जाऊन बघितलं होतं."

वहिनींनी मान हलवली. "मग माझंच," म्हणाल्या, आणि ताटं घ्यायला उठल्या.

निशा गेली. आम्ही जेवलो. वहिनींनी आग्रह केला म्हणून मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.